जांभळ्या पातळाचा आपला वाद

आपा,

सीन काल झाला. कसा झाला, कुठलं पातळ कापलं, हे तू सगळ्यात आधी विचारलं असतंस. पण मी क्रमानं सांगणार. माझ्या क्रमानं तुझं डोकं उठायचं, तरी ऐकून घ्यायचीस.

तू जाऊन अजून महिना झाला नाही. कर्जतहून खोपोलीकडे येताना आपल्या शूटिंगच्या शेडच्या अलीकडची भातं कापून झाली आहेत. शेतात पेंढ्याच्या उडव्या उभ्या आहेत आणि वारा आला की कपड्यांवर कुसं बसतात. शेडमध्ये तुझी खुर्ची कुणी हलवलेली नाही. तिच्यावर कुणी बसतही नाही, त्यामुळे ती सारखी पायात येते. वाटेत आलेलं सामान मला खपत नाही, हे तुला माहीत आहे. ती खुर्ची मी अजून तिथेच ठेवली आहे.

तू मालिकेतल्या माणसांचे कपडे ठरवायचीस आणि मी ते सांभाळायची. पन्नासच्या दशकातलं एका पोस्टमास्तराचं घर. तो, त्याची बायको इंदू, त्याची आई, धाकटी बहीण आणि मागाहून झालेली मुलगी. एवढ्या माणसांसाठी मी प्रत्येक हँगरला चिठ्ठी लावायची: कुणाचं, कुठल्या सीनचं, डाग कुठे. भाड्यानं आणलेल्या कपड्यांवर 'परत करणे' असं लाल अक्षरात.

"शैले," तू एकदा म्हणालीस, "मी मेले की माझ्या अंगठ्यालाबी चिठ्ठी बांधशील गं तू."

"बांधीन. 'परत करणे' असं लिहीन."

तू इतकी हसलीस की तोंडात धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या आणि मग त्या दोघींनी वेचल्या. आता तो विनोद मला कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं होतं. मी सगळे कपडे कडक इस्त्री करून टांगले होते. तू आलीस, पोस्टमास्तराचा सदरा काढलास, चौकोनी घडी घातलीस आणि त्याच्यावर बसलीस.

"अहो मॅडम!" मी ओरडले. तेव्हा मी तुला मॅडम म्हणायची.

"पोस्टमास्तराच्या घरात लाँड्री हाय काय?" तू बसल्या जागेवरून विचारलंस. "पेटीतनं काढलेल्या कपड्याला घडीचा वळ असतो. पाठीवर चौकोन दिसाया पायजेत."

त्या दिवसापासून आपल्याकडे इस्त्री फक्त कोटाला. बाकीचे कपडे घडी करून गादीखाली. खळ बाजारातली नाही, भाताच्या पेजेची. पेजेच्या खळीनं मुंग्या येतात, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मुंग्या आल्या. तू म्हणालीस, "तवाबी येत असतील."

तुला तो काळ का आवडायचा, हे मी सरळ कधी विचारलं नाही. पण इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलं. दुसऱ्यांच्या मालिका तू आवाज बंद करून बघायचीस. "कोन कुनाची सून, कुनाच्या घरात पैसा हाय, कुनाचा नवरा चिकट, हे कपड्यानं सांगाया पायजे. बोलतात तर सगळेच." आणि मग पुटपुटायचीस, "पन्नास साल म्हंजी फुग्याची बाही आन् केसात गजरा. एवढंच ठाऊक यांना."

तुझ्या मते त्या दहा वर्षांत एकेका घरात तीन काळ एकत्र राहत होते. सासू नऊवारीत. सून गोल पातळात, पण डोक्यावरचा पदर अजून सुटलेला नाही. नणंदेला नायलॉनची साडी हवी आहे आणि ती मिळत नाही. सासूच्या चोळीला पुढे गाठ, सुनेच्या ब्लाउजला हुक, नणंदेची बाही कोपर सोडून दंडावर चढलेली. "भांडान लिवायलाच नको," तू म्हणायचीस. "तिघींना एका दारात हुबं करा." लेखक चिडायचा. पण तू तिघींना एकदा खरंच तसं उभं केलंस, आणि त्या भागात त्यानं लिहिलेली चार वाक्यं दिग्दर्शकानं गाळली.

टंचाईच्या दिवसांत कंट्रोलचं कापड ज्यांनी रांगेत उभं राहून घेतलं, त्यांनी ते पुढे कसं वापरलं असेल, याचा तू फार विचार करायचीस. अशा माणसांच्या हातून कापड सहज फेकलं जात नाही. पोस्टमास्तराच्या सदऱ्याची कॉलर विरली तेव्हा तू ती उसवलीस, उलटी केलीस आणि परत शिवलीस. त्या सीनमध्ये तो कॅमेऱ्याकडे पाठ करून, वर मफलर गुंडाळून बसला होता.

"दिसणार कुणाला?" मी विचारलं.

"त्याला ठाऊक हाय ना."

हाच आपला वाद. बाकीचे सगळे वाद त्याचीच पिल्लं. मी म्हणायची, जे दिसत नाही त्यावर वेळ घालवू नये. तू म्हणायचीस, दिसतं. कुठे दिसतं, ते तुला सांगता यायचं नाही.

इंदूच्या साड्या मोजक्याच. चॅनेलच्या मॅडम एकदा तेवढ्यासाठी मुंबईहून आल्या.

"तीच साडी पुन्हा? प्रेक्षक कंटाळतील हो."

"इंदूच कंटाळलीया," तू म्हणालीस. "पर दुसरी आनायची कुठनं तिनं? नवरा पोस्टात हाय."

मॅडमचंही अगदीच खोटं नव्हतं. गडद साडी संध्याकाळच्या सीनमध्ये काळी दिसायची, हे मीही तुला सांगितलं होतं. शेवटी तू इंदूला एक पांढरा ब्लाउज दिलास, त्यानं चेहरा उजळला. मॅडम खूश होऊन गेल्या. गाडी वळल्यावर तू मला म्हणालीस, "बाई हुशार हाय. तिला सांगू नको."

जांभळं पातळ तुझ्या आईचं. तुझ्या वडिलांचं शिळफाट्याला कापडाचं दुकान होतं. नवा माल आला, गाठोडं सुटलं, आणि गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी त्यांनी ते बायकोसाठी बाजूला काढलं. गर्भरेशमी, बारीक हळदी काठाचं. तू ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून शेडमध्ये आणलंस.

"नाझियाला नको का हे?" मी विचारलं. तुझी मुलगी पनवेलला असते, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

"ती पंजाबी ड्रेसवाली. आन् पेटीत ठिवून काय करनार? आईनं नेसाया घेतलेलं."

मग त्या पातळाचं आयुष्य तू आखलंस. मी याद्या करणारी बाई, पण अशी आखणी मला जमली नसती. आधी ते इंदूचं सणाचं. मग कुणाकडे जायचं असेल तेव्हाचं. मुलगी झाल्यावर घरातलं. रंग उडवायला तू ते तुझ्या गच्चीवर उन्हात टाकायचीस, तेही निऱ्यांच्या आतली बाजू झाकून, कारण नेसलेल्या साडीचा बाहेरचाच रंग जातो. चुलीची ठिणगी पडल्याचं भोक उदबत्तीनं पाडलंस आणि त्याला आतून ठिगळ दिलंस. कमरेपाशी, हात पुसायच्या जागी, हळद. हे सगळं तू एकदम केलं नाहीस. मालिकेत जसजसे महिने गेले, तसतसं केलंस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. माझ्या सासूबाई मालिका बघत नाहीत. आमचं गाव खालापूर तालुक्यात, भातशेतीचं. दिवसभर त्यांना बाहेरचीच कामं. एकदा त्या पाणी प्यायला आत आल्या तेव्हा टीव्हीवर इंदू त्या पातळात तांदूळ निवडत बसली होती. त्या तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"शैला, ही कुनाची गं?"

"कुणाची म्हणजे? नटी आहे ती, आई."

"नाय गं. पदर कसा खोवलाय बग. आमी असाच खोवायचो. आदी आत, मंग वर. ही नटलेली नाय. ही कामाला बसलेली हाय."

तो पदर सायलीला, म्हणजे इंदूचं काम करणाऱ्या मुलीला, तू शिकवला होतास. मी हे तुला दुसऱ्या दिवशीच सांगणार होते. पण त्या आठवड्यात एका शालीवरून तू माझ्याशी बोलत नव्हतीस. म्हटलं, बोलायला लागली की सांगू. तू बोलायला लागलीस आणि मी विसरले. दिसत नाही असं जे मी म्हणायची, ते माझ्याच घरात, हातात तांब्या धरून, कुणालातरी दिसलं होतं. हे मी तेव्हा कबूल केलं असतं की नाही, देव जाणे.

मग तो सीन आला. मुलगी परकराच्या वयाची झाली, आणि इंदू तिच्यासाठी जांभळं पातळ कापते. मी पद्धतीप्रमाणे डुप्लिकेट तयार केली. त्यातल्या त्यात जवळचं रेशमी कापड शोधलं, रंगारी गाठला, पहिल्यांदा रंग तांबूस आला म्हणून परत पाठवलं, ठिगळ लावलं, हळद लावली. तुझ्यासमोर दोन्ही पातळं उलगडून ठेवली. तुलाही क्षणभर कळलं नाही तुझ्या आईचं कुठलं.

"तंतोतंत केलंस गं."

"मग झालं तर."

"काय झालं? हे नाय कापायचं. आईचं कापायचं."

"वेडी आहेस का, आपा? असं कापड आता मिळत नाही."

"म्हनूनच. सायलीला ठाऊक हाय ते कुनाचं. तिचा हात अडल. डुप्लिकेटवर नाय अडायचा."

"अडल्यासारखं करेल. तेच तिचं काम आहे."

"करनं निराळं."

मी घड्या घालायला लागले. मला वाटलं, हा नेहमीचाच वाद आहे. तेव्हा तू मला ते सांगितलंस, माझ्याकडे न बघता, काठावरून अंगठा फिरवत.

"मी ल्हान होते. आईनं कबूल केलेलं, ईदेला याचा झगा शिवते तुला. कात्री घेऊन बसली. मी म्होरं. खडूनं खुनाबी केल्या. आन् मंग घडी घालून परत ठिवलं. म्हनाली, फुडच्या ईदेला."

"तिला कापवलं नसेल."

"ते आता कळतं मला बी. पर मी जुन्याच झग्यात गेले ना गं. कुनाच्या तरी पोरीला मिळू दे."

मी म्हटलं, "मालिकेतल्या पोरीला? ती शूटिंग संपलं की जीन्स घालून घरी जाते."

तू पर्स उचललीस. "सोमवारी बोलू," म्हणालीस.

माझ्या त्या जीन्सच्या वाक्यात मला अजूनही काही खोटं दिसत नाही. पण ते मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सोमवारी मी तुझ्या घरी आले ती तुला शेवटचं बघायला. तुझ्या अंगावरच्या पांढऱ्या कापडाबद्दल मी लिहिणार नाही. आतल्या खोलीत बायकांनी सरकून मला जागा करून दिली. "बस गं," म्हणाल्या, ओळख नसतानाही. मी बसले, आणि पुन्हा उठले. एवढं माणसांनी भरलेलं घर आणि मला कुणी एकही काम सांगत नव्हतं. शेवटी मी दारातल्या चपला जोडीनं लावत राहिले. पुरुष तुला घेऊन निघाले तेव्हा त्याच चपला पायात घालून गेले. एकाचीही चुकली नाही. त्या दिवशी तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

नंतर नाझियाचा फोन आला. "शैलामावशी, नानीचं जांभळं पातळ तुमच्याकडे हाय का?" मी हो म्हटलं. "मला पायजे ते," ती म्हणाली. मी म्हटलं, ये.

ती येईपर्यंत मी ठरवू शकले नाही. एकीकडे तुझा शब्द, दुसरीकडे तुझी मुलगी. चॅनेलनं तोवर कळवलं होतं की यापुढे कपडे मीच ठरवायचे, म्हणजे हेही मीच ठरवायचं. पातळ ठेवलेल्या इंदूच्या पेटीचं कुलूप तोडावं लागलं. किल्ली तुझ्या पर्समध्ये होती आणि ती पर्स मागायला माझी जीभ रेटली नव्हती.

नाझिया आली, तुझ्या खुर्चीला वळसा घालून उभी राहिली. मी पातळ तिच्या हातात दिलं. तिनं उलगडलं. रागानं तिचा चेहरा बदलला.

"हे काय झालं? मी बघितलंय हे. आरशासारखं होतं."

"मालिकेत वापरलं."

"वापरलं? हे भोक?"

"ते आपानं पाडलं. उदबत्तीनं."

"अम्मीनं? मुद्दाम?" ती ठिगळाकडे बघत राहिली. "घरात तिनं काय ठिवलंच नाय, मावशी. सगळं तुमच्या पेट्यांत. आन् जे एक होतं ते पन जाळून ठिवलं."

मी सावकाश सांगितलं. निऱ्यांच्या आतला रंग उलटून दाखवला. तिथे ते अजून आरशासारखं होतं. ठिगळाचे टाके दाखवले. तू जे टाके कुणालाच दिसणार नाहीत असे आतून घातले होतेस, ते तिनं बोटानं एकेक चाचपले. मग मी झग्याचंही सांगितलं. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण लपवून ठेवणं मला बरं वाटेना. तुला काय हवं होतं ते तिला कळल्याशिवाय मी निर्णय घेणार नव्हते.

तिनं पातळाची घडी घालायला घेतली.

"म्हनून," ती म्हणाली. "दर ईदेला झगा. मी कॉलेजात गेले तरी. नको म्हटलं की भांडायची." आणि थोड्या वेळानं, "पर मी नाय देनार कापायला. तिला राग आला तर येऊ दे. मला तिचं काय तरी पायजे, मावशी."

"घेऊन जा," मी म्हटलं.

तिनं ते पिशवीत घातलं नाही. छातीशी धरून रिक्षात बसली. हे बरोबर की चूक, आपा, याचा कौल मी तुझ्याकडे मागत नाही. मेलेल्या माणसाचा शब्द आणि जिवंत पोरीचं रडणं यांत मी पोरीला निवडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तूही समोर असतीस तर वाद घालून घालून शेवटी तेच केलं असतंस, अशी मी माझी समजूत घातली आहे. खरं सांगायचं तर ती काही फार पटत नाही. तू कात्री स्वतः पुढे केली असतीस.

तर काल सीन झाला. डुप्लिकेट पातळ. सायलीला मी सांगितलं नव्हतं, पण तिनं हातात घेताच ओळखलं. माझ्याकडे नुसतं बघितलं. मग चांगलं काम केलं तिनं. कापायच्या आधी थांबली, पदरावरून हात फिरवला, डोळे भरून आले. जे लिहिलं होतं ते सगळं केलं, थोडं जास्तच. पण कात्री एकदा कापडात शिरली ती सरळ गेली, या काठापासून त्या काठापर्यंत. हात कुठेच अडला नाही.

हे मला दिसलं. मॉनिटरभोवती दहा माणसं होती, त्यांतल्या कुणालाही दिसलं नाही. मलाही पूर्वी दिसलं नसतं. बघायचं कसं ते तू शिकवलंस, आणि एवढ्या वर्षांत त्याबद्दल मी एकदाही तुला बरं काही बोलले नाही.

"ओके!" दिग्दर्शक म्हणाले. "मस्त. एका टेकमध्ये." जेवणाची सुट्टी झाली. लाइट बंद झाले, माणसं ताटं घ्यायला गेली. मी मॉनिटरपाशीच उभी राहिले. कधी नव्हे ते मी एकाऐवजी दोन डुप्लिकेट करून ठेवल्या होत्या. दुसरी माझ्या हातावर होती, घडी मोडलेली, लगेच देता यावी म्हणून. तू मागून येणार, खुर्चीच्या पाठीवर थाप मारणार आणि सगळ्यांना जेवणावरून उठवत ओरडणार: नाय, पुन्हा.

मी थांबले. कुणी ओरडलं नाही.